पूरबोटीच्या इंजिनाला नवा पंखा निवडताना

पाऊस तोंडावर आला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, शिरोळ, हातकणंगले या तालुक्यांतल्या गावांत शेडमधल्या बोटी बाहेर निघतात. इंजिन पहिल्या दोन-चार ओढीत सुरू होतंय का, रबर बोटीतली हवा रात्रभर टिकते का, हे सगळे बघतात. पंख्याकडे नजर जाते ती पात तुटलेली दिसली तरच. मग जुना पंखा पिशवीत घालून कुणीतरी दुकान गाठतो आणि म्हणतो, 'असाच द्या.' तो जुना पंखा त्या बोटीला मुळात योग्य होता का, हे विचारायचं राहूनच जातं. पंखा ठरवायचा तो भरलेल्या बोटीत इंजिन किती फिरतं यावरून. जुन्या पंख्यावरचा आकडा ही फक्त सुरुवात असते.

पुढची माहिती ५ ते ४० एचपीच्या ओबीएमसाठी, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला अडकवायच्या इंजिनांसाठी आहे. पूरकाळात आपल्याकडे बहुतेक हीच चालतात.

पंख्यावरचे आकडे

पंख्याच्या हबवर, म्हणजे पाती जिथून निघतात त्या मधल्या गोल भागावर, किंवा दोन पातींच्या मधल्या जागेत आकडे कोरलेले असतात. रंग आणि गाळ बसलेला असतो, म्हणून आधी रॉकेलच्या फडक्याने पुसा. यामाहाच्या पंख्यावर साधारण असं दिसतं: ३ × ११-३/८ × १२ - जी. म्हणजे ३ पाती, व्यास ११-३/८ इंच, पिच १२ इंच आणि शेवटचं अक्षर शाफ्टवरच्या, म्हणजे पंखा ज्या दांड्यावर बसतो त्यावरच्या, दात्यांच्या प्रकाराचं. काही कंपन्या पातींचा आकडा लिहीत नाहीत, काही नुसता पार्ट नंबर देतात. पार्ट नंबर असेल तर दुकानदाराला कॅटलॉगमध्ये व्यास आणि पिच काढून द्यायला सांगा आणि लिहून घ्या.

व्यास म्हणजे पंखा फिरताना पातींची टोकं जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी. पाणी न सरकता घट्ट राहिलं असतं, तर एका पूर्ण फेऱ्यात पंखा जेवढा पुढे गेला असता ते अंतर म्हणजे पिच. पिच १२ म्हणजे एका फेऱ्यात १२ इंच. हा गिअरचाच मामला आहे. उसाची ट्रॉली चढाला लागली की टॉप गिअर चालत नाही, तसा माणसांनी भरलेल्या बोटीला जास्त पिचचा पंखा झेपत नाही. इंजिन दबून चालतं, धूर काढतं, तापतं. उलट पिच फार कमी असेल तर इंजिन ओरडत सुटतं आणि बोट मात्र रांगते.

दात्यांचं अक्षर जुळलं नाही तर बाकी सगळं जुळून उपयोग नाही, पंखा शाफ्टवर चढणारच नाही. एकाच कंपनीच्या १५, २५ आणि ४० एचपीच्या इंजिनांचे शाफ्ट वेगळे असू शकतात. म्हणून दुकानात जाताना तीन गोष्टी न्याव्यात: जुना पंखा, इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या प्लेटचा फोटो आणि उघड्या शाफ्टचा फोटो, ज्यात दाते मोजता येतील. फिरण्याची दिशाही बघा. एकच इंजिन असलेल्या बोटीत पंखा जवळजवळ नेहमी उजवा असतो, म्हणजे पुढचा गिअर टाकल्यावर मागून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. स्वस्तात मिळाला म्हणून डावा पंखा आणला, तर बोट पुढच्या गिअरमध्ये मागे जाईल.

आकडे पुसले गेले असतील तर

पंखा पुठ्ठ्यावर असा ठेवा की बोटीच्या मागच्या दिशेला येणारी बाजू वर राहील. हबच्या मध्यापासून एका पातीच्या टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा, व्यास मिळाला. आता पिच. हबचा मध्य धरून पुठ्ठ्यावर १०० मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. गुण्या उभा धरून हे वर्तुळ पातीच्या दोन्ही कडांना जिथे भेटतं ते बिंदू खाली पुठ्ठ्यावर उतरवा. त्या दोन बिंदूंमधलं अंतर वर्तुळाच्या रेघेवरून दोऱ्याने मोजा. सरळ पट्टी लावली तर आकडा थोडा कमी येतो आणि पिच फुगून दिसतो. मग पातीच्या त्याच दोन कडांची पुठ्ठ्यापासूनची उंची मोजून फरक काढा. उंची मोजायची ती पाणी ढकलणाऱ्या, वर आलेल्या बाजूवर.

हिशेब असा: ६२८ गुणिले उंचीतला फरक, भागिले दोऱ्याचं अंतर. फरक ४० मिमी आणि अंतर ९० मिमी आलं, तर ६२८ × ४० ÷ ९० = २७९ मिमी. २५.४ ने भागलं की ११ इंच. हे माप तिन्ही पातींवर घ्या. एका पातीवर ११ आणि दुसरीवर ९ येत असेल तर पात वाकलेली आहे. त्या पंख्यावरून नवा पंखा ठरवणं सोडून द्या. ८-९ इंच व्यासाच्या छोट्या पंख्याला १०० मिमीची त्रिज्या पातीच्या टोकाशी जाते, तिथे ८० मिमी घ्या आणि ६२८ ऐवजी ५०३ धरा.

आधी पंखाच दोषी आहे का ते बघा

इंजिन ओरडतं पण बोट सरकत नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय हबमधल्या रबरावर घ्या. शाफ्टवर बसणारी दात्यांची नळी आणि पंख्याचं बाहेरचं अंग यांच्यामध्ये दाबून बसवलेलं रबर असतं. पात दगडाला लागली की रबर सरकतं आणि गिअर वाचतो. पण एकदा सरकलेलं रबर पुन्हा तेवढी पकड धरत नाही. खूण अशी: हळू चालवताना सगळं ठीक, हँडल पिळलं की आवाज एकदम चढतो आणि वेग तिथल्या तिथे. खात्री करायची तर आतल्या नळीपासून बाहेरच्या अंगापर्यंत ऑइल पेंटची सरळ रेघ मारा, वाळू द्या, भार घेऊन बोट चालवा आणि परत येऊन बघा. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर रबर गेलं. नवा पंखा त्याच मापाचा घेतला तरी काम होईल.

अगदी छोट्या इंजिनांत रबराऐवजी शाफ्टमधून आडवी शिअर पिन असते. ती मऊ धातूची असते, कारण तुटणं हेच तिचं काम. तिच्या जागी खिळा ठोकून काम भागवणारे बरेच आहेत. पुढच्या दगडाला खिळा टिकतो आणि गिअर जातो.

दुसरी शक्यता पंखा वरची हवा ओढतोय ही. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, जिला मेकॅनिक कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली इंचभर असायला हवी. इंजिनं मुख्यतः दोन उंचीत येतात, १५ इंच आणि २० इंच. २० इंची फळीवर १५ इंची इंजिन लावलं तर पंखा उथळ राहतो आणि फेस काढत फिरतो. रबर बोटीत आणखी एक भानगड होते. हवा कमी असली की मागची फळी झुकते, प्लेट वर येते. शिवाय पुरातून काढलेली माणसं घाबरून पुढच्या टोकाला गोळा होतात, मागचा भाग उचलला जातो आणि पंखा हवा घ्यायला लागतो. इथे पंखा बदलून काहीच होत नाही, माणसं मागे सरकवावी लागतात. हबचं रबर सरकत असेल तर सरळ रेषेतही दर वेळी त्याच हँडलला पकड सुटते. हवा ओढत असेल तर ते वळणावर, लाटेवर किंवा भार पुढे गेल्यावर होतं आणि मागे पांढरा फेस दिसतो.

तिसरी गोष्ट इंजिन. काल पूर्ण हँडलला मिनिटाला ५,००० फेरे फिरणारं इंजिन आज त्याच भारात ४,२०० फिरत असेल, तर पंख्याचा पिच रात्रीत वाढलेला नाही. एक सिलिंडर बंद पडलाय, प्लग काळा झालाय, पेट्रोलमध्ये पाणी आहे किंवा पंख्याला काहीतरी गुंडाळलंय. ते आधी निस्तरा.

भरलेल्या बोटीची चाचणी

प्रत्येक इंजिनाला पूर्ण हँडलवर किती आरपीएम (मिनिटाला फेरे) फिरायचं याची कंपनीने ठरवलेली पट्टी असते. ती पुस्तिकेत दिलेली असते. यामाहाच्या ४० एचपी टू-स्ट्रोकला ती ४,५०० ते ५,५०० आहे. काही इंजिनांना ५,००० ते ६,००० असते. पंखा योग्य आहे याचा अर्थ इतकाच की नेहमीचा भार घेऊन पूर्ण हँडल पिळल्यावर आकडा या पट्टीत, शक्यतो मध्याच्या वर, येतो.

बहुतेक ओबीएमना आरपीएमचा काटा नसतो. प्लगच्या वायरीवर तार गुंडाळून चालणारा छोटा डिजिटल टॅकोमीटर मिळतो, तो लावा. त्यात दर फेऱ्याला किती ठिणग्या हे सेटिंग असतं आणि घोटाळा तिथेच होतो. इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये आकडा बघा आणि पुस्तिकेतल्या आयडलशी ताडून बघा. अर्धा किंवा दुप्पट दाखवत असेल तर सेटिंग चुकलंय.

जागा संथ पाण्याची हवी. नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या) घातलेले असतात तोवर वरच्या अंगाला पाणी भरलेलं आणि जवळजवळ स्थिर असतं. पावसाळ्याआधी बरगे काढले जातात, म्हणून चाचणी मेमध्येच उरकावी. बंधाऱ्याच्या भिंतीपासून लांब राहा आणि ग्रामपंचायतीला, आपत्ती व्यवस्थापनाला कळवून करा. कळंबा तलावासारख्या पिण्याच्या पाण्याच्या तलावात टू-स्ट्रोक इंजिन उतरवू नये, त्याच्या धुरातलं तेल पाण्यात जातं.

भार खरा घ्या. ८ माणसांची बोट असेल तर ५० किलोची १० पोती वाळू, पूर्ण टाकी आणि चालक. बोटीच्या प्लेटवर लिहिलेल्या क्षमतेपलीकडे जाऊ नका. पोती बोटभर पसरा, एका जागी रचू नका. चालकाने लाइफ जॅकेट घालायचं आणि किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी, दोरी मनगटाला अडकवायची. इंजिन पाच-सात मिनिटं मध्यम वेगाने गरम करा, मग सरळ रेषेत पूर्ण हँडल पिळा आणि आकडा स्थिरावला की लिहून घ्या. पूर्ण हँडल मिनिटभरापेक्षा जास्त धरायची गरज नाही. तीच फेरी उलट दिशेने करा. दोन्ही वेळा मोबाइलच्या जीपीएसवरचा वेगही लिहा आणि सरासरी घ्या. प्रवाहाने आरपीएममध्ये फारसा फरक पडत नाही, पण वेगाच्या आकड्यात पडतो.

मग पोती उतरवून, फक्त दोघांना घेऊन हेच सगळं पुन्हा करा. ही दुसरी चाचणी लोक टाळतात आणि पंखा नेमका तिथे फसतो.

आकड्यांवरून पिच ठरवणं

अंगठ्याचा नियम असा: पिच १ इंचाने कमी केला की पूर्ण हँडलचे आरपीएम १५० ते २०० ने वाढतात, वाढवला की तेवढे उतरतात. व्यास तोच ठेवून.

समजा इंजिनाची पट्टी ४,५०० ते ५,५०० आहे आणि सध्या १३ इंच पिचचा पंखा आहे. भरलेल्या बोटीत ४,३०० आले, दोन माणसांत ४,९००. ज्याने रिकामी बोट पळवून बघितली तो म्हणेल पंखा उत्तम आहे. पण पुरात ती रिकामी जाते आणि भरून येते, आणि भरून येताना इंजिन पट्टीच्या खाली दबलेलं असतं. असं तासन्तास चाललेलं इंजिन पिस्टन जाळून घेतं. आता इंचाला २०० धरून १० पिच लावून बघू: भरलेली ४,९००, रिकामी ५,५००. रिकामी अगदी काठावर. ११ पिच: भरलेली ४,७००, रिकामी ५,३००. दोन्ही पट्टीत. म्हणून ११ घ्यायचा. दुसरा पंखा घ्यायची ऐपत असेल तर तो १० चा घ्यावा आणि प्रवाहाविरुद्ध भरपूर ओझं ओढायचं असेल त्या दिवशी लावावा, रिकाम्या फेरीत हँडल थोडं सोडून.

पुराच्या कामाला वेगाचा सोस नको. गल्लीतून, उसाच्या शेंड्यांवरून बोट चालवायची तर हळू वेगात ताबा आणि गिअर टाकताच मिळणारा जोर हवा, आणि तो कमी पिच देतो. दुकानदार चांगल्या मनाने 'हा घ्या, बोट पळेल' म्हणाला तरी पाघळू नका.

पंखा पाण्यात किती घसरतो तेही काढता येतं. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे), भागिले ६५६. आलेला आकडा म्हणजे ताशी किलोमीटरमधला कागदावरचा वेग. ५,००० आरपीएम, ११ पिच, रेशो २: ५५,००० ÷ २ ÷ ६५६ = सुमारे ४२ किमी. जीपीएसवर ३२ आले, तर घसरण साधारण २४ टक्के. भरलेल्या, बोजड बोटीला हे चालण्यासारखं आहे. हलक्या बोटीत १० ते २० टक्के अपेक्षित असतं. ५० टक्क्यांच्या आसपास गेलं तर भरलेली बोट पाण्यावर उचललीच जात नाहीये, किंवा पुन्हा हबचं रबर आणि हवा ओढणं तपासायची वेळ आली.

किनाऱ्यावरून आणलेली इंजिनं

मालवण, रत्नागिरीकडून वापरलेलं ओबीएम आणायची आपल्याकडे पद्धत आहे. इंजिन चांगलं निघतं, पण त्याच्यावरचा पंखा त्या बोटीचा असतो. जड मच्छीमार होडीचा असेल तर पिच कमी, पर्यटकांना फिरवणाऱ्या हलक्या बोटीचा असेल तर जास्त. शिवाय कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद ५ टक्क्यांच्या आसपास कमी पडते आणि तोच पंखा, तोच भार असला तरी पूर्ण हँडलला शंभरेक फेरे कमी दिसतात. विक्रेत्याने समुद्रात दाखवलेला आकडा इथे येत नाही म्हणून त्याला फोन करून भांडू नका. घाट चढून आलेल्या इंजिनाची चाचणी इथल्या पाण्यात नव्याने घ्या.

धातू आणि पाती

पूरबोटीला ॲल्युमिनियमचा पंखा घ्यावा, यात आम्हाला शंका नाही. पुरात पंचगंगेचं पाणी रेडेडोहापाशी फुटून पन्हाळा रस्त्यावर आलं किंवा कुरुंदवाडच्या गल्ल्यांत बोट फिरायला लागली, की खाली काय आहे ते दिसत नाही: दुभाजक, कंपाउंडची भिंत, बुडालेली मोटरसायकल, जॅकवेलचा पाइप. ॲल्युमिनियमची पात वाकते किंवा तुटते आणि धक्का तिथेच मुरतो. स्टेनलेस स्टीलची पात पातळ असते, पाणी सुबक कापते, वेगही देते, पण ती वाकत नाही. धक्का हबच्या रबरावर, आणि ते वेळेवर सरकलं नाही तर शाफ्टवर आणि गिअरवर जातो. प्लास्टिक मिश्रणाचे पंखे हलके आणि पाती सुट्या बदलता येणारे असतात. जादा पंखा म्हणून बोटीत ठेवायला ठीक, रोज भार ओढायला नाही.

३ पाती की ४, हा वाद चहाच्या टपरीवर भरपूर रंगतो. ४ पातींचा पंखा कमी वेगात पकड चांगली धरतो, वळणावर हवा कमी ओढतो, थरथर कमी करतो. त्याच पिचला आरपीएम मात्र ५० ते १०० नी उतरतात, म्हणून ३ वरून ४ वर जाताना पिच सहसा १ इंचाने कमी घ्यावा लागतो. छोट्या इंजिनांना ४ पातींचे पर्याय कमीच मिळतात. मिळाला तर घ्या, त्याच्यासाठी अडून बसू नका.

माणसं पाण्यातून उचलायची असतील तर पंख्याभोवती जाळीचं कडं बसवतात. सुरक्षेला चांगलं, पण त्याने पाण्याचा अडथळा वाढतो आणि आरपीएम, वेग दोन्ही उतरतात. कडं लावणार असाल तर चाचणी कडं लावूनच घ्या, नाहीतर सगळा हिशेब फसेल. आणि कडं असो वा नसो, पाण्यातला माणूस बोटीला हात लावायच्या आत इंजिन बंद. न्यूट्रल म्हणजे बंद नव्हे.

उद्यमनगरात दुरुस्ती?

उद्यमनगर या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या भागात ओतकाम आणि लेथ यांची वाण नाही, त्यामुळे 'हा पंखा इथेच ओतून घेऊ की' असं कुणीतरी म्हणतंच. ओतता येईल, नक्कीच. पण मऊ वाळूच्या साच्यात तुटक्या पंख्याचीच छाप घेतली तर धातू थंड होताना आकसतो, पाती जाड होतात आणि तिन्ही पातींचा पिच सारखा राहत नाही. आत बुडबुडे राहिले तर ते कळतात पात उडाल्यावर. योग्य मिश्रधातू, नीट केलेला नमुना आणि नंतरचं बॅलन्सिंग हे सगळं करायचं तर एका पंख्यासाठी ते परवडत नाही.

करून घेण्यासारखं काय आहे? पातीच्या कडेला ३-४ मिमीची खाच असेल तर बारीक कानशीने कड गोल करा. खाच मोठी असेल पण तुकडा गेलेला नसेल, तर ॲल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग करणारा कारागीर ती भरून देतो. नंतर पंखा आडव्या सळईवर, मोकळा फिरेल असा अडकवा. दर वेळी तीच पात खाली येऊन थांबत असेल तर तिच्या मागच्या बाजूने थोडं थोडं कानसून वजन जुळवा. पात हबच्या मुळाशी तडकली असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. आणि असा दुरुस्त पंखा जादा म्हणून पेटीत ठेवा, इंजिनावर नवा लावा. बॅलन्स बिघडलेला पंखा चालतो खरा, पण त्याची थरथर शाफ्टचं ऑइल सील आणि बेअरिंग खाते.

बसवताना

गिअर न्यूट्रलमध्ये, किल स्विचची दोरी काढलेली, प्लगच्या वायरी उपटलेल्या. हे तिन्ही झाल्याशिवाय पातीला हात लावायचा नाही, कारण हाताने पंखा फिरवतानाही गरम इंजिन एखादा फटका देऊ शकतं.

१. स्प्लिट पिन सरळ करून पक्कडीने ओढा. पात आणि वरच्या प्लेटच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, म्हणजे नट फिरवताना पंखा फिरणार नाही आणि बोटं वाचतील.

२. नट, वॉशर, स्पेसर ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने फडक्यावर मांडा आणि फोटो काढा. पंखा निघत नसेल तर पातीवर हातोडा मारू नका. हबच्या मागे लाकूड लावून आजूबाजूने हलके ठोके द्या.

३. पंख्याच्या आत, गिअरच्या बाजूला एक जाड, उतरता थ्रस्ट वॉशर असतो. तो कधी जुन्या पंख्याला चिकटून निघतो आणि त्याच्यासकट भंगारात जातो. तो नसेल तर नवा पंखा पुढे सरकून गिअरच्या घरावर घासतो. उतरती बाजू शाफ्टच्या उताराकडे, सपाट बाजू पंख्याकडे.

४. शाफ्ट पुसून सीलच्या तोंडाशी नीट बघा. तंगूस (मासेमारीचा बारीक दोरा), नायलॉनची दोरी, ठिबकच्या नळीचे तुकडे, उसाचा वाळका पाला इथे गुंडाळून बसतात. तंगूस सर्वांत वाईट. ती सील कापते, गिअर ऑइलमध्ये पाणी जातं. खालचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब तेल बघा. दुधासारखं पांढरट आलं तर आधी सील, मग पंखा.

५. दात्यांवर पाण्याने न धुतलं जाणारं मरीन ग्रीस लावा. साधं चाकाचं ग्रीस एका पावसाळ्यात धुऊन जातं आणि पुढच्या मेमध्ये पंखा गंजून अडकलेला सापडतो.

६. थ्रस्ट वॉशर, पंखा, स्पेसर, वॉशर, नट. पुस्तिकेतल्या टॉर्कला नट आवळा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी थोडा पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही. स्प्लिट पिन दर वेळी नवी, स्टेनलेसची. जुनी सरळ करून पुन्हा वाकवलेली पिन नेमकी पुरात तुटते.

पहिल्या तासाभराच्या वापरानंतर नट आणि पिन पुन्हा बघा, आणि भरलेल्या बोटीची चाचणी नव्या पंख्यावर एकदा घ्याच. कागदावरचा हिशेब जवळ नेतो, शंभर फेरे इकडे-तिकडे होतात. आलेले आकडे, पंख्याचं माप आणि तारीख इंजिनाच्या कव्हरच्या आत ऑइल पेंटने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी इंजिन दुसऱ्याच्या हाती असेल.

केंदाळातून, म्हणजे जलपर्णीतून, जायची वेळ येते तेव्हा कोणताही पंखा कमी पडतो. वेल गुंडाळली गेली की आरपीएम उतरतात आणि थंड करणाऱ्या पाण्याची जाळीही बुजते. हँडल वाढवत बसू नका. गिअर न्यूट्रलमध्ये आणा, मग थोडा वेळ रिव्हर्स द्या, बरंच केंदाळ सुटून जातं. नाही सुटलं तर इंजिन बंद करून उचला आणि विळ्याने कापा. पातीवर विळा मारताना कड खाचणार नाही इतकं सांभाळा.

पूरपेटीत तयार पंखा, जादा थ्रस्ट वॉशर आणि स्पेसर, २ नट, ४-५ स्प्लिट पिना, ग्रीसची छोटी डबी, योग्य मापाचा पाना, पक्कड, विळा आणि लाकडाचा ठोकळा असावा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की ही पेटी बोटीत गेलेली असावी. ४३ फुटांच्या धोका पातळीपर्यंत थांबलात तर दुकानापर्यंतचा रस्ताच पाण्याखाली असू शकतो. पाना आणि पक्कड दोरीने बोटीला बांधा, गढूळ पाण्यात पडलेला पाना पुन्हा मिळत नाही. भर पुरात पंखा बदलायची वेळ आली तर बोट झाडाला किंवा पक्क्या घराच्या खांबाला बांधा, विजेच्या खांबाला कधीही नाही. इंजिन पूर्ण उचलून लॉक करा, नटाखाली बादली किंवा फडकं धरा, आणि एक माणूस फक्त वरून वाहत येणाऱ्या ओंडक्यांकडे बघायला ठेवा.